अनोळखी झाडाचे लाकूड जळणासाठी वापरण्यापूर्वी ओळख कशी पटवावी?

बांध साफ करताना, विहिरीजवळची जागा मोकळी करताना किंवा वादळात झाड पडल्यावर अनेकदा असे लाकूड हाती येते, ज्याचे नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यापूर्वी जळण भरून ठेवण्याची घाई असते. नेमके मार्च-एप्रिलमध्ये पानझडी झाडांवर पाने नसतात, त्यामुळे ओळखण्याची सोपी खूणही हाताशी नसते. अशा वेळी ‘हे जाळायला चालेल का?’ असा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा लाकडाला जाळ किती आहे, एवढेच असते. प्रत्यक्षात त्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या झाडाचा चीक किंवा धूर अंगाला बाधतो का, आणि ते झाड तोडायला परवानगी लागते का. जाळाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि त्यासाठी झाडाचे नाव माहीत नसले तरी फारसे अडत नाही.

माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याने मला निष्पर्ण फांदीचा फोटो दाखवला होता. डोंगरउताराच्या शेतातले झाड, राखाडी साल, जाड डहाळ्या. मी ‘शेमट असावी, जाळायला हरकत नाही’ असे सांगून टाकले. आठवड्याभराने निरोप आला, की घरातील दोन बायकांचे चेहरे सुजून डोळे मिटले आहेत आणि लाकूड फोडणाऱ्याच्या हातावर फोड आले आहेत. जाऊन पाहिले तर झाड बिब्ब्याचे होते. झाडाखालच्या पाचोळ्यात काळी बी पडलेली होती. मी फोटोवर न भागवता झाडाखाली उभा राहिलो असतो, तर पाच मिनिटांत ओळख पटली असती.

सर्वांत जास्त त्रास चुलीपुढे बसणाऱ्या बाईला झाला, कारण फुंकणीने फुंकताना धूर थेट तोंडावर येतो. ज्याने झाड तोडले त्याला तिच्या मानाने कमी भोगावे लागले. तेव्हापासून पाने नसलेल्या फांदीच्या फोटोवरून मी ‘जाळा’ असा सल्ला देत नाही. कृषी सहायकांनीही देऊ नये.

पहिली तपासणी: चीक

अनोळखी झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी त्याचा चीक पाहावा. कोयत्याच्या टोकाने सालीवर दोन-तीन सेंटिमीटर लांबीची तिरपी खाच द्यावी. खाच देताना तोंड बाजूला ठेवावे, चिकाला बोट लावू नये आणि तोच हात डोळ्यांकडे नेऊ नये. पांढऱ्या कागदाचा किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा काडीच्या टोकाला धरून खाचेवर टेकवावा. त्यावर उमटलेला डाग लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असा तीनदा पाहावा.

डाग आधी तपकिरी आणि मग काळा पडला, तर ते लाकूड जळणातून बाद समजावे. बिब्बा आणि त्याच्या जवळच्या झाडांची ही खूण आहे. पूर्वी परीट याच बिब्ब्याने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करत.

दुधासारखा पांढरा चीक आला तर थांबून झाड ओळखावे. वड, उंबर, फणस यांनाही पांढरा चीक असतो, म्हणून पांढरा चीक म्हणजे विष असे नव्हे. पण बिट्टी, शेर आणि खाडीकाठचा हुरा यांचा चीकही पांढराच असतो. लालभडक, रक्तासारखा रस ओघळला तर झाड बिबळ्याचे असण्याची शक्यता मोठी आहे. बिबळा अंगाला बाधत नाही, पण तो तोडायला परवानगी लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

उन्हाळ्यात किंवा वाळलेल्या झाडाला चीक येईलच असे नाही. त्यामुळे डाग पडला नाही एवढ्यावर झाड निर्धोक ठरवू नये.

बिब्बा आणि रानबिब्बा

बिब्ब्याचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम. आंबा आणि काजू हे त्याच कुळातले. विदर्भ, खानदेश आणि सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत तो सर्रास आढळतो आणि जंगलाला लागून असलेल्या शेतांच्या बांधावरही उगवतो. पान साधे आणि मोठे असते, बऱ्याचदा वीतभर किंवा त्याहून लांब. टोकाकडे ते रुंद व गोलसर असते, देठाकडे निमुळते होत जाते आणि खालची बाजू फिकट दिसते. पाने फांदीच्या टोकाला गर्दी करून येतात. फळ ओळखायला सर्वांत सोपे आहे. वर नारिंगी मांसल भाग आणि त्याला चिकटलेली गुळगुळीत काळी बी. हिवाळ्यात फळे धरतात, म्हणून उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असले तरी खालच्या पाचोळ्यात बी सापडते. झाडाखालची जमीन उकरून पाहणे ही उन्हाळ्यातली सर्वांत भरवशाची तपासणी आहे.

शेमट आणि बिब्बा यांत निष्पर्ण अवस्थेत गफलत होते, तशी माझीही झाली. शेमटीची साल खरवडली तर आतला भाग लालसर-गुलाबी असून त्यात पांढरट रेघा दिसतात आणि जखमेतून डिंक येतो. तिचे पान संयुक्त असते, म्हणजे एका दांड्यावर अनेक पर्णिका असतात. बिब्ब्याचे पान एकटे असते. चारोळीचेही पान साधे असल्याने तिचीही बिब्ब्याशी गल्लत होते. पण चारोळीची साल गडद, खोल भेगांची आणि सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांची असते. चारोळीचे झाड जाळण्यापेक्षा राखण्यात जास्त पैसे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

कोकण आणि घाटमाथ्याच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात रानबिब्बा भेटतो. काही भागांत त्याला हुलगिरी म्हणतात. हे सदाहरित आणि उंच झाड आहे. पानाच्या देठावर दोन बाजूंना दोन बारीक मऊ काट्यांसारखे अवयव असतात. कोवळ्या पानांच्या देठावर ते पाहावेत, कारण नंतर ते गळून पडतात. खोडावरून ओघळून सुकलेले काळे डाग लांबूनही दिसतात. असे काळे ओघळ असलेल्या झाडाला टेकून बसूही नये.

या झाडांचा चीक लाकूड वाळले म्हणून निष्प्रभ होत नाही. म्हणून ‘वर्षभर वाळवून जाळू’ हा तोडगा इथे चालत नाही. धुराबरोबर तो चेहरा, डोळे आणि श्वसनमार्गापर्यंत पोचतो. बिब्बा सर्वांनाच सारखा उतत नाही. एखाद्याला काहीच होत नाही आणि त्याच घरातील दुसऱ्याचे अंग सुजते. ‘आम्ही नेहमी जाळतो, काही होत नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण त्याचा अनुभव तुमच्या घराला लागू पडेलच असे नाही.

चीक लागल्यास ती जागा ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्याने धुवावी. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. कोयता-कुऱ्हाडीचे पाते व दांडा साबणाने घासून घ्यावा, कारण त्याच दांड्यावरून चीक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हाताला लागतो. फोड फोडू नयेत. धुरामुळे चेहरा किंवा डोळे सुजले, दम लागला किंवा घसा आवळल्यासारखे वाटले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे आणि कोणते लाकूड जाळले हे डॉक्टरांना सांगावे.

काजूच्या बागेत छाटणीचे लाकूड कोकणात पूर्वापार चुलीत जाते. तिथे जपायचे ते टरफलांना. काजूच्या टरफलातील तेल दाहक असते, त्यामुळे टरफले घरच्या चुलीत घालू नयेत.

कुंपणातील आणि खाडीकाठची विषारी झाडे

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही अंगणात व कुंपणाला लावलेली झाडे दरवर्षी छाटली जातात आणि त्यांच्या काड्या जळणाच्या ढिगात मिसळतात. कण्हेरीची पाने लांबट, चिवट आणि बहुधा एका पेरावर तीन-तीन अशी असतात. बिट्टीची पाने तशीच अरुंद, पण एकाआड एक येतात. फुले पिवळी, कर्ण्यासारखी आणि फळ हिरवे, टणक बीचे. दोन्हींचे सर्व भाग विषारी आहेत आणि हृदयावर परिणाम करतात. यांचे लाकूड चुलीत घालू नयेच, शिवाय कणीस किंवा वांगे भाजायला यांची काडी खुपसू नये. शेतावर हुरडा-पार्टीला हाताशी येईल ती सरळ काडी घेतली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. छाटलेली पाने गुरांच्या तोंडी लागणार नाहीत अशी पुरून टाकावीत.

खाडीकाठी हुरा किंवा गेवा नावाचे झाड असते. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीवर गंभीर परिणाम होऊ शकतो आणि धूरही डोळ्यांना झोंबतो. हे कांदळवनातले झाड असल्याने त्याला हात लावणे तसेही बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीवर पूर्ण बंदी घातली आहे.

याउलट गिरीपुष्पाला उंदीरमारी म्हणतात आणि नावाला घाबरून काहीजण त्याचे लाकूड टाकून देतात. त्याच्या बिया व साल उंदरांना विषारी असतात हे खरे, पण लाकूड जळण म्हणून उत्तम आहे आणि त्याचा वापर अनेक देशांत होतो. फांदी रोवली की रुजते, छाटली की पुन्हा फुटते. बांधावर जळणासाठी मुद्दाम काही लावायचे असेल, तर माझी पहिली शिफारस हीच असते.

काटेरी झाडांतील घोळ

कमी पावसाच्या भागात बहुतेक अनोळखी जळण काटेरीच असते आणि त्या सगळ्यांना ‘बाभळ’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. इथे विषाचा धोका नाही, पण खैर आणि शमी बाभळीच्या मोळीत जाता कामा नयेत.

बाभळीचे काटे सरळ, पांढरट आणि जोडीने असतात. फुले पिवळी, गोल गोंड्यांची. शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली. साल काळपट आणि उभ्या भेगांची. हिवराची साल पांढरट-पिवळसर असते आणि पावसाळ्यात फिकट फुलांचे मोठे घोस येतात. खैराचे काटे आखूड आणि आकडीसारखे वळलेले असून जोडीने असतात. फूल गोंड्याचे नसून लांब तुऱ्याचे असते, शेंग पातळ, चपटी आणि तपकिरी. साल लांबट तुकड्यांनी सुटते आणि आतला गाभा लाल-तपकिरी दिसतो. याच गाभ्यापासून कात निघतो. गाभा लाल दिसला की कुऱ्हाड थांबवावी.

वेडी बाभूळ आणि शमी यांची पाने लांबून सारखी दिसतात. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यात, म्हणजे पेरावर असतात. शमीचे काटे लहान, बुडाशी रुंद आणि दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. वेडी बाभूळ जळण आणि कोळशासाठी पहिल्या प्रतीची आहे आणि शेतात पसरणारे तण म्हणून ती काढलेलीच बरी. शमी मात्र आता मोजक्याच बांधांवर उरली आहे.

नावावर विसंबू नये

गावातील जुन्या माणसांना विचारावे, पण नाव ऐकून निर्णय घेऊ नये. किंजळ आणि किन्हई ही नावे बोलताना एकमेकांत सहज मिसळतात. किंजळ हे ऐनाच्या जातीचे, साध्या पानाचे झाड असून ते तोडायला परवानगी लागते. किन्हई शिरीषाच्या जातीची, संयुक्त पानाची आणि फिकट गुळगुळीत सालीची आहे आणि ती त्या यादीत नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, वेडी बाभूळ या तीन झाडांत सामायिक काय, तर फक्त नाव. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटे नसतात, तिचे पानासारखे भाग कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे असतात आणि शेंगा गुंडाळलेल्या असतात.

कोणती झाडे परवानगीशिवाय तोडू नयेत

महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा अधिनियम खासगी जमिनीवरील झाडांनाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा (बिजा), हळदू (हेदू), तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवनातील झाडे आहेत. झाड स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीत असले तरी आधी अर्ज करावा लागतो. यादीत आणि सवलतींत शासन वेळोवेळी बदल करते, म्हणून तोडण्यापूर्वी तलाठी किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. यादीबाहेरचे लाकूडही गाडीत भरून बाहेर न्यायचे असेल, तर वाहतूक परवान्याची चौकशी आधी करावी. नगरपालिका आणि महानगरपालिका हद्दीत वेगळा कायदा असून तिथे इतर झाडांनाही परवानगी लागते.

अनोळखी म्हणून जळणात जाण्याचा धोका यांतील काहींनाच जास्त आहे. अंजनाचे पान दोन पर्णिकांचे, फुलपाखराच्या पंखांसारखे असते आणि लाकूड विलक्षण जड. ऐनाची साल काळसर व खोल चिरलेली असते. पान उलटे करून देठाजवळ पाहिले, तर मधल्या शिरेवर एक-दोन लहान गाठी दिसतात. बिबळ्याचे फळ गोल, चपटे, मध्ये बी आणि कडेने पापडासारखी झालर असे असते. चंदनाची पाने समोरासमोर येतात. कोवळ्या फांदीला वास नसतो, वास गाभ्याला असतो, त्यामुळे फांदी हुंगून ‘हे चंदन नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

आता जाळाविषयी

झाड निर्धोक आहे आणि तोडायला मोकळीक आहे हे ठरले, की नाव कळले नाही तरी चालते. पूर्ण सुकलेल्या लाकडाची उष्णता जातीनुसार फार बदलत नाही. एका किलोला साधारण ४,५०० ते ५,००० किलोकॅलरी मिळते. बाभूळ, सुरू, वेडी बाभूळ या टोकाला, तर हलकी लाकडे खालच्या टोकाला. खरा फरक पडतो तो लाकडाच्या घनतेने आणि ओलाव्याने.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. १० किलो ओल्या लाकडात ५ किलोच लाकूड असेल, तर त्याची उष्णता झाली सुमारे २२,५०० किलोकॅलरी. त्यातील ५ किलो पाण्याची वाफ करायला किलोला ६०० प्रमाणे ३,००० खर्च होतात. हाती राहिले १९,५००. तेच १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेले १० किलो लाकूड ३७,००० च्या वर देते. म्हणजे ओली बाभूळ विकत घेण्यापेक्षा साधे पण कोरडे लाकूड घेतलेले परवडते. जळण वजनावर विकत घेणाऱ्या गुऱ्हाळवाल्यांनी आणि वसतिगृहांनी हा हिशेब जरूर करावा.

घनता शेतावरच काढता येते. शक्यतो गोल आणि सरळ ओंडक्याचा अर्धा मीटर लांबीचा तुकडा घ्यावा. तो वाळत ठेवून दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की साल काढून मधोमध घेर मोजावा. घेराला घेराने गुणून लांबीने गुणावे आणि १२.५७ ने भागावे. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये घेतली, की घनफळ घन सेंटिमीटरमध्ये येते. घेर ३० आणि लांबी ५० असेल, तर घनफळ सुमारे ३,५८० येते. तुकडा २,५०० ग्रॅम भरला तर घनता ०.७० झाली. ०.६० च्या पुढे असेल तर ते स्वयंपाकाला टिकाऊ निखारा देणारे जळण आहे. ०.४० च्या खाली असेल तर पांगारा किंवा सावरीसारखे भुरुभुरु जळणारे लाकूड समजावे. ते पेटवण ​म्हणून किंवा बंबात पाणी तापवायला वापरावे, विकत मात्र घेऊ नये.

वाळवताना मनगटापेक्षा जाड ओंडके उभे चिरावेत, कारण सालीतून पाणी हळू जाते. खाली दगड किंवा आडवी लाकडे टाकून, हवा खेळेल अशी रास करावी. वरून पत्रा, बाजू उघड्या. टोकाला भेगा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला, की लाकूड तयार झाले.

ओळख पटली नाही तर नमुना कसा द्यावा

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र किंवा वनरक्षकांकडे नुसता लाकडाचा तुकडा नेऊ नये. लाकडावरून जात ओळखणे प्रयोगशाळेचे काम आहे. किमान पाच-सहा पाने जोडलेली फांदी न्यावी, म्हणजे पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दिसते. सुटे पान नेले तर ते कळत नाही, आणि संयुक्त पानाची एखादी पर्णिकाच पान म्हणून आणली जाते. फूल, फळ किंवा झाडाखाली पडलेली बी असल्यास कागदाच्या पुडीत घ्यावी. फांदी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून न्यावी. चीक काळा पडत असेल तर नमुना न तोडता फक्त फोटो काढावेत.

फोटो पाच घ्यावेत: पूर्ण झाड, सालीचा जवळून, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि खाचेतील चीक. सोबत गावात झाडाला काय म्हणतात, पाने कधी गळतात आणि झाड आपोआप उगवले की लावलेले, हे लिहावे. स्थानिक पातळीवर उत्तर मिळाले नाही, तर दापोली किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील वनशास्त्र महाविद्यालयाशी किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्राशी संपर्क साधावा.

उत्तर येईपर्यंत ते लाकूड घरच्या जळणात मिसळू देऊ नये. वेगळे रचून त्यावर चिंधी बांधून ठेवावी आणि चूल पेटवणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवून ठेवावे.